भाऊबीज बहिणीच्या घरी : इंदूरकरांसाठी तयारीपासून ओवाळणीपर्यंत

दिवाळीचे बाकीचे दिवस ज्याच्या त्याच्या घरात पार पडतात. अभ्यंगस्नान आपापल्या न्हाणीघरात, लक्ष्मीपूजन आपापल्या देवघरासमोर. भाऊबीजेला मात्र कुणीतरी कुणाकडे तरी जावंच लागतं, आणि सगळा घोळ तिथेच होतो. इंदुरातल्या बऱ्याच मराठी घरांत आता असं होतं की बहीणच माहेरी येते. येताना फराळाचा डबा आणते, आल्यावर वहिनीबरोबर पुऱ्या लाटते, ओवाळते आणि संध्याकाळी आपल्या घरी परतून पुन्हा स्वयंपाकाला लागते. मला हे पटत नाही. माहेरी येण्यासाठी राखी आहे, गौरी-गणपती आहेत. भाऊबीजेला भावाने उठून बहिणीच्या घरी जायचं आणि तिच्या हातचं जेवायचं असतं.

कथाही तेच सांगते. यमुना आपल्या भावाला, यमाला, पुन्हा पुन्हा जेवायला बोलवत राहिली आणि त्याला कामातून सवड होईना. शेवटी कार्तिक शुद्ध द्वितीयेला तो तिच्या दारी गेला. तिने त्याला न्हाऊ घातलं, ओवाळलं, जेवू घातलं. प्रसन्न होऊन त्याने वर दिला की या दिवशी जो बहिणीच्या हातचं जेवेल त्याला यमाचं भय राहणार नाही. म्हणून पंचांगात या दिवसाचं नाव यमद्वितीया. साक्षात यमाला त्या दिवशी सुट्टी काढता आली, तर आपल्यालाही काढता येते. पुढे जे लिहिलं आहे ते भाऊ बहिणीकडे जातो आहे असं धरूनच लिहिलं आहे.

आधी तारीख पक्की करा

इंदुरात दोन कॅलेंडरं भिंतीवर असतात. एक मराठी पंचांगाचं, दुसरं हिंदी. मराठी पद्धतीत महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडच्या पद्धतीत पौर्णिमेला. त्यामुळे लक्ष्मीपूजनाची अमावास्या आपल्याकडे आश्विन वद्य आणि शेजाऱ्यांकडे कार्तिक कृष्ण असते. शुद्ध पक्षात मात्र दोन्हीकडे महिन्याचं नाव एकच राहतं, त्यामुळे कार्तिक शुद्ध द्वितीयेबद्दल गोंधळ व्हायचं कारण नाही. बहिणीचं सासर हिंदी भाषक असलं तरी तिची ‘भाई दूज’ आणि आपली भाऊबीज एकाच दिवशी येते. एवढं लक्षात ठेवा की उत्तरेत होळीनंतरच्या द्वितीयेलाही भाई दूज असते. ती वेगळी.

तिथी दोन दिवसांत विभागली गेली तर ज्या दिवशी अपराह्णकाळी द्वितीया असते तो दिवस धरतात. दिवसाचे पाच समान भाग केले तर अपराह्ण हा चौथा. आपल्याकडे दिवाळीच्या सुमाराला तो दुपारी सव्वाच्या आसपास सुरू होऊन साडेतीनच्या सुमाराला संपतो. ज्यांना मुहूर्त सांभाळायचा आहे त्यांनी या वेळात ओवाळावं. पण बहुतेक घरांत त्या दिवशी दुपारी किंवा संध्याकाळी, भाऊ येईल तेव्हा ओवाळतात, आणि त्यात काही उणं नाही.

2026 साली लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, रविवारी आहे. पाडवा 10 तारखेला आणि भाऊबीज 11 नोव्हेंबरला, बुधवारी. मधला सोमवार मोकळा पडतो, तो बहिणीने हातचा जाऊ देऊ नये. बुधवारी अनेक खासगी कार्यालयं उघडलेली असतील. भावांनी किमान अर्ध्या दिवसाची रजा ऑक्टोबरातच टाकून ठेवावी. पाडव्याच्या दिवशी साहेबांना फोन करून रजा मागणं म्हणजे बहिणीला संध्याकाळी आठपर्यंत ताटकळत ठेवणं.

कोण, कुठे, किती वाजता

या सणात सगळ्यात अवघड काम हेच आहे, आणि ते कुणी गांभीर्याने करत नाही. प्रत्येक घरात एक भाऊ असतो आणि त्याची बायकोही कुणाची तरी बहीण असते. तो आपल्या ताईकडे गेला की इकडे त्याच्या बायकोचा भाऊ दारात उभा. तिकडे ताईच्या नवऱ्यालाही त्याच्या बहिणीकडे जायचं असतं. एकाच दिवशी, एकाच वेळी सगळे पुरुष घराबाहेर आणि सगळ्या बायका घरात हव्यात, असा हा पेच आहे.

तो सुटतो दिवसाचे तीन भाग केले तर. सकाळी नऊ ते अकरा, दुपारी साडेबारा ते तीन, संध्याकाळी सहा ते नऊ. जेवणाची जागा एकच ठरवायची, बाकी दोन ठिकाणी ओवाळणं आणि फराळ. समजा तुमची ताई सुदामानगरला आहे, धाकटी विजयनगरला आणि तुम्ही स्वतः रामबागेत. पश्चिमेकडची ताई सकाळी उरकायची, दुपारी घरी यायचं म्हणजे बायकोचा भाऊ जेवायला येईल तेव्हा तुम्ही घरी असाल, आणि विजयनगर संध्याकाळी. पुढच्या वर्षी जेवण ताईकडे. आळीपाळी ठेवली की कुणाच्या मनात राहत नाही. सणाच्या दिवशी राजवाड्यावरून गाडी काढायचा विचारही करू नका; रिंग रोडने लांब पडलं तरी वेळेत पोचता.

हे सगळं ठरवायला एक फोन पुरत नाही. नवरात्र संपल्यावर, दिवाळीची साफसफाई सुरू व्हायच्या आत, थोरल्या बहिणीने सगळ्यांशी बोलून वेळा नक्की कराव्यात. थोरलीनेच का? कारण धाकट्या भावाने वेळ सांगितली तर ती विनंती वाटते, ताईने सांगितली की तो निर्णय असतो. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर वेळा लिहून टाका म्हणजे वहिनींना, भाऊजींना, सगळ्यांना त्या एकाच दिसतील.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते. घरातल्या सुनेला तिचा भाऊ जेवायला यावा असं वाटत असेल तर त्याला ‘आज नणंदा येणार आहेत, उद्या या’ असं सांगू नये. तिचीही भाऊबीज आजच आहे.

बाहेरगावचा भाऊ

पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांसाठी इंदूर-पुणे गाडी आणि मुंबईची अवंतिका या सोयीच्या, आणि दिवाळीत त्या लगेच भरतात. रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडतं; 1 नोव्हेंबर 2024 पूर्वी ते 120 दिवस होतं. म्हणजे 10 नोव्हेंबर 2026 ला निघायचं असेल तर 11 सप्टेंबरला सकाळी आठ वाजता मोबाइल हातात घेऊन बसायचं. गणपती त्यानंतर तीन दिवसांनी, 14 सप्टेंबरला बसतात. मखराच्या धावपळीत ही तारीख हमखास निसटते, तेव्हा आधीच गजर लावून ठेवा. परतीचं तिकीट 12 तारखेचं हवं असेल तर ते 13 सप्टेंबरला उघडेल. दोन्ही तिकिटं एकाच दिवशी निघणार नाहीत. हुकलंच तर तत्काळ आदल्या दिवशी, वातानुकूलित डब्यांसाठी दहाला आणि शयनयानासाठी अकराला. रात्रीच्या खासगी बसचं भाडं दिवाळीत खूप चढतं, म्हणून ती शेवटचा पर्याय समजा.

सामान

नवीन असं फारसं लागत नाही. पाट, तबक किंवा ताम्हण, निरांजन, हळद-कुंकवाचा करंडा, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी, फुलवाती, साजूक तूप, रांगोळी, विड्याची पानं, नारळ. पितळी ताम्हण आणि निरांजन लक्ष्मीपूजनाला घासलेलं असतंच. पुन्हा एकदा चिंच-मिठाचा हात फिरवा, कारण त्यात कालचं तूप आणि काजळी साठलेली असते.

किराणा आणि सुकामेवा सियागंजातून, भांडी बर्तन बाजारातून, साडी शीतलामाता बाजारातून, चांदी सराफ्यातून. हे इंदूरकराला सांगायला नको. सांगायचं ते एवढंच की धनत्रयोदशीनंतर तिकडे फिरकू नका. दसरा ते वसुबारस या दरम्यान, सकाळी दुकानं उघडताच जा. दुकानदाराला बोलायला सवड असते आणि मालही पुरेसा असतो.

अक्षता आदल्या दिवशी करून ठेवा. तुकडा तांदूळ वेचून काढायचा, अख्खे दाणे घ्यायचे, त्यावर दोन थेंब तूप किंवा पाणी आणि चिमूटभर कुंकू. ओल्या अक्षता कपाळाला चिकटतात, कोरड्या घसरून शर्टावर पडतात. पण फार ओल्या केल्या तर त्यांचा गोळा होतो. दाणा दाण्यापासून सुटा राहील इतकाच ओलावा हवा.

बासुंदी आदल्या रात्री

भाऊबीजेचं जेवण म्हणजे बासुंदी-पुरी. श्रीखंडही चालतं, पण ज्या माळव्यात दूध इतकं छान मिळतं तिथे बासुंदीच करावी. सहा ते आठ माणसांना दोन लिटर म्हशीचं दूध लागतं. दूधवाल्याला लक्ष्मीपूजनाच्या दिवशीच सांगून ठेवा, कारण त्या दोन-तीन दिवसांत सगळ्या घरांची मागणी एकदम वाढते. पाकिटाचं घ्यायचं तर सांचीचं फुल क्रीम.

रुंद तोंडाची, जाड बुडाची कढई घ्या. आधी त्यात थोडं पाणी फिरवून ओतून टाका आणि ओल्या कढईतच दूध घाला म्हणजे ते पटकन लागत नाही. मोठ्या आचेवर एक उकळी येऊ द्या, मग आच मध्यम करा. इथून पुढे तासाभराचं, कधी सव्वा तासाचं काम आहे आणि ते सोडून हलता येत नाही. दर दोन-तीन मिनिटांनी उलथन्याने तळ खरवडायचा. वर जी साय धरते ती मोडायची नाही, कडेला ढकलून कढईच्या भिंतीला लावायची. ती तिथे थोडी सुकते, मग खरवडून परत दुधात सोडायची. बासुंदीत हे जे साईचे दाणे लागतात तीच तिची चव. सतत ढवळत राहिलं तर दूध आटतं खरं, पण दाणे पडत नाहीत आणि ते नुसतं दाट दूध होतं.

दूध निम्म्यावर आलं की रंग पांढऱ्याचा हलका बदामी होतो आणि उलथनं उचललं की त्यावर दुधाचा पातळ थर राहतो. तिथे थांबायचं. अजून दाट हवं असं वाटत असलं तरी थांबा. गार झाल्यावर ती आणखी दाट होते. साखर आता घालायची, 150 ते 175 ग्रॅम. आधी घातलेल्या साखरेने दूध बुडाला लागायची भीती वाढते. साखर विरघळली की बासुंदी थोडी सैल दिसते. घाबरू नका, पाच मिनिटं आणखी उकळा. मग वेलदोडा, अगदी थोडं जायफळ आणि चारोळी. केशर असेल तर कोमट दुधात भिजवून. रात्री गार करून फ्रिजमध्ये ठेवली की सकाळी एक मोठं काम हातावेगळं झालेलं असतं.

पुऱ्यांच्या कणकेत चमचाभर रवा आणि चमचाभर तेलाचं मोहन. कणीक घट्ट हवी. पुऱ्या भाऊ पाटावरून उठल्यावर तळायला घ्या, आधी नाही. बाकी बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, वरण-भात, कुरडया-पापड. या दिवसांत मटार यायला लागतो. कोवळा मिळाला तर त्याची उसळ. भावाला मधुमेह असेल तर त्याच्या वाटीत बासुंदी कमी वाढा आणि आग्रह करू नका. त्याने औषध घेतलं का, ते विचारा.

सकाळ

काही घरांत बहीण भावाला तेल-उटणं लावून न्हाऊ घालते. भाऊ आदल्या रात्री मुक्कामाला आला असेल तर हे जरूर करा. तिळाचं तेल कोमट करून डोक्याला, पाठीला, हातांना लावायचं आणि वीस मिनिटं तसंच बसवायचं. नोव्हेंबरात इंदूरची पहाट चांगलीच गार असते, तेव्हा गरम पाण्याची सोय आधी बघा. उटणं घरी करायचं तर नागरमोथा, कचोरा, आंबेहळद, वाळा आणि वाळवलेल्या गुलाबाच्या पाकळ्या एकत्र कुटून वस्त्रगाळ करा. ज्यांचा भाऊ सकाळी अकराला आंघोळ करूनच येणार, त्यांनी औक्षणाआधी सुगंधी तेलाचं एक बोट त्याच्या टाळूला लावलं की ती रीत पाळली जाते.

औक्षण

पंखा बंद करा. सगळ्यात आधी हे, कारण निरांजन विझणं कुणालाच आवडत नाही आणि नव्वद टक्के वेळा पंखाच कारणीभूत असतो. खिडकीतून वारा येत असेल तर तीही लोटून घ्या.

पाट अशा बेताने मांडा की बसणाऱ्याचं तोंड पूर्वेला येईल. जागेची अडचण असेल तर पश्चिमेला किंवा उत्तरेला चालेल, दक्षिण टाळतात. पाटाखाली आणि भोवती रांगोळी. फरशी गुळगुळीत असते, तेव्हा ती जागा आधी ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा म्हणजे रेघ नीट उठते. गुडघे दुखणाऱ्या दादाला पाटावर बसायचा हट्ट करू नका. खुर्चीवर बसवा आणि पायाखाली पाट ठेवा.

निरांजनाचं तूप या थंडीत थिजतं. वाटीतलं तूप पातळ करून निरांजनात घाला, फुलवात त्यात पूर्ण बुडवून उभी करा आणि तिच्या टोकाला कापराचा चुरा लावा. काडी लावताच ती पेटते. कोरडी फुलवात नुसतीच जळून काळी पडते.

तबकात डावीकडे करंडा आणि अक्षता, मध्ये पुढच्या बाजूला निरांजन, उजवीकडे सुपारी आणि अंगठी. पुढची उजवी कड मोकळी ठेवा, ओवाळणी तिथे पडणार आहे. नोटेचा किंवा पाकिटाचा कोपरा ज्योतीला लागायला क्षणही लागत नाही.

आता क्रम. भावाच्या डोक्यावर टोपी, नाहीतर स्वच्छ रुमाल. बहिणीने आपला पदर किंवा ओढणी खोचून घ्यावी. ज्योतीजवळ लोंबणारं कापड नको, आणि सिंथेटिक असेल तर मुळीच नको. अनामिकेने कपाळावर उभं कुंकू, त्यावर अक्षता. मग सुपारी आणि अंगठी उजव्या हातात एकत्र धरून चेहऱ्याभोवती ओवाळायची, आरतीसारखीच, तीन वेळा. सुपारी-अंगठी तबकात ठेवून त्याच्या डोक्यावर थोड्या अक्षता टाकायच्या. काही घरांत इथे कापूस आणि दूर्वा गुडघ्याला, खांद्याला आणि डोक्याला लावतात. ‘कापसासारखा म्हातारा हो’ असा आशीर्वाद त्यामागे असतो, आणि तो मोठ्याने म्हणावा. त्यानंतर दोन्ही हातांनी तबक उचलून निरांजनाने ओवाळायचं, तेही तीनदा, सावकाश. या क्षणी फोटोसाठी ‘इकडे बघा’ म्हणून ओरडणाऱ्याला घरातल्या मोठ्यांनी प्रेमाने थांबवावं. ओवाळताना बहिणीने भावाच्या डोळ्यांत बघायचं असतं. फोटो नंतर काढता येतो.

ओवाळून झालं की साखर किंवा पेढा भरवायचा, भावाने तबकात ओवाळणी घालायची, आणि मग नमस्कार. लहान असेल तो मोठ्याच्या पाया पडतो. बहीण मोठी असेल तर भाऊच वाकणार, त्याचे केस पिकलेले असले तरी. हल्ली पुष्कळ ठिकाणी हे राहून जातं म्हणून मुद्दाम लिहिलं. शेवटी बहीण त्याच्या हातात विडा-नारळ देते. हिंदी भाषक घरांत सुक्या खोबऱ्याचा गोळा देतात. सासर तिकडचं असेल तर तो द्या, दोन्ही दिलेत तरी छान. तिकडच्या काही घरांत बहीण टिळा लावेपर्यंत उपास करते. अशी बहीण तुमची वाट बघत असेल तर दुपारचे तीन वाजवू नका.

भाऊ अनेक असतील तर थोरल्यापासून सुरुवात. सगळ्यांना एका ओळीत बसवून एकदाच तबक फिरवायची सोय काढू नये. प्रत्येकाला वेगळं कुंकू, वेगळं ओवाळणं. दर माणशी दोन-तीन मिनिटंच लागतात. चुलत, आते, मामे, मावस भावांनाही त्याच पाटावर बसवा. आणि घरातल्या छोटीला तिच्या तीन वर्षांच्या भावाला ओवाळू द्या, तबकाखाली तुमचा हात धरून. निरांजनाऐवजी तिच्या तबकात नुसतं फूल ठेवलं तरी चालेल.

ओवाळणी

किती घालावी, हा प्रश्न विचारायला लोक लाजतात आणि त्यातूनच गैरसमज वाढतात. दोन भावांची मिळकत सारखी नसते. थोरल्याने जाडजूड पाकीट तबकात टाकलं की धाकट्याला आपला हात आखडल्यासारखा वाटतो. भावांनी आधी आपसांत बोलून तबकात घालायची रक्कम सारखी ठेवावी. ज्याला अधिक द्यायचं आहे त्याने ते नंतर, बहिणीला एकटीला द्यावं.

वस्तू द्यायची असेल तर माझी पहिली पसंती महेश्वरी साडीला. महेश्वर आपल्यापासून गाडीने दोन-अडीच तासांवर, अहिल्याबाईंनी तिथे विणकर वसवले, आणि सुती-रेशमी महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो असा असतो. विणकराकडून घेतली तर पैसे थेट त्याच्या घरात जातात. सराफ्यातलं चांदीचं निरांजन ही दुसरी चांगली ओवाळणी. पुढच्या वर्षी त्यानेच ओवाळलं जातं. बहिणीला काही गरजेचं हवं असेल, शिलाई मशीन, मुलाची फी, डोळ्यांचं ऑपरेशन, तर सरळ विचारा आणि तेच द्या. भाऊ-बहीण आयकर कायद्यात ‘नातेवाईक’ या व्याख्येत येतात, त्यामुळे भावाकडून मिळालेल्या भेटीवर बहिणीला कर लागत नाही, रक्कम कितीही असो. मोठी रक्कम मात्र बँकेतूनच द्या. दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेणं कायद्याला मान्य नाही.

आणि ओवाळणीच्या दिवशी हक्कसोडपत्राचा विषय काढू नका. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. त्याबद्दल काय ते बोलायला वर्षातले बाकीचे दिवस आहेत. कुंकू लावलेल्या कपाळाने बहिणीसमोर कागद ठेवणं, जेवणानंतर ‘एक सही हवी होती’ म्हणणं, हे ज्या घरात झालं त्या घरात पुढच्या वर्षी पाट मांडला गेला तरी बहिणीचा हात जड होतो.

भाऊ नसेल, दूर असेल

भाऊ नसलेल्या बहिणी चंद्राला ओवाळतात. त्यासाठी वेळ सांभाळावी लागते. द्वितीयेची कोर सूर्यास्तानंतर पश्चिमेला खाली दिसते आणि फार वेळ टिकत नाही. इंदुरात या सुमारास सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो, तेव्हा सहाला तबक घेऊन गच्चीवर तयार राहा आणि साडेसहाच्या आत ओवाळून घ्या. पश्चिमेला इमारत असेल तर शेजारच्यांची गच्ची आधीच मागून ठेवा. दोघी बहिणीच असतील तर त्यांनी एकमेकींना ओवाळावं. मला त्यात काहीच वावगं दिसत नाही.

परदेशातल्या भावाला व्हिडिओ कॉलवर ओवाळायचं तर फोन उभा राहील असा स्टँड पाटावर ठेवा, आपल्या हातात धरू नका, कारण तबकाला दोन्ही हात लागतात. त्याच्याकडे कुंकू-अक्षतांची पुडी पोचलेली असेल तर त्याच्या बायकोने किंवा मुलीने ती त्याच वेळी त्याच्या कपाळी लावावी. फराळ पाठवायचा असेल तर त्या देशात कोणते पदार्थ चालतात ते कुरिअरवाल्याला आधी विचारा. चकली, शंकरपाळी प्रवासात टिकतात. बेसनाचे लाडू फुटतात, ते एकेक कागदात गुंडाळून घट्ट डब्यात.

ज्या बहिणीचा भाऊ या वर्षात गेला आहे, तिच्याकडे त्या दिवशी कुणीतरी जा. फोन नको, प्रत्यक्ष जा. चुलत भावाने जावं, भाच्याने जावं, तिच्या भावाच्या मित्राने जावं. तिने ओवाळलं तर ओवाळून घ्या, नाही ओवाळलं तर तिच्याबरोबर जेवून या. कुठल्याही रीतीपेक्षा हे आधी.

आणि ज्याला सख्खी बहीण नाही त्याने ओवाळणी कुठे द्यायची? महर्षी कर्व्यांच्या पुण्यातल्या स्त्री शिक्षण संस्थेने भाऊबीज निधीची, म्हणजे ओवाळणी संस्थेला देणगी म्हणून द्यायची, प्रथा रुजवली, ती आजही चालते. इंदुरात तुमच्या घरी काम करणाऱ्या मावशी आहेत, गल्लीतल्या अंगणवाडीच्या ताई आहेत. पाकिटावर नाव घालून, नमस्कार करून द्या.

निघताना

भावाला रिकाम्या हाताने पाठवू नये, तसा भावानेही रिकामा डबा परत करू नये. बहिणीने दिलेल्या डब्यात वहिनीने काहीतरी घालून तो आठवड्याच्या आत पोचता करावा. तबकातली फुलं आणि विड्याची पानं ओल्या कचऱ्यात, रांगोळीची पूड झाडून सुक्यात. इंदुरात गाडीवाला वेगळं केल्याशिवाय घेत नाही आणि ते बरंच आहे. सुपारी-अंगठी मात्र तबक धुण्याआधी काढून घ्या. तेलकट ताम्हणाबरोबर अंगठी मोरीत गेल्याचे प्रकार घराघरांत झालेले आहेत.

सगळे एकत्र बसलेले असतानाच पुढच्या वर्षीच्या वेळा ठरवा. यंदा जेवण थोरलीकडे झालं असेल तर पुढच्या वेळी धाकटीकडे, हे मराठी कॅलेंडरच्या मागच्या पानावर पेनाने लिहून ठेवा, आणि नवीन कॅलेंडर आलं की पहिल्यांदा ते त्यावर उतरवा.